आधी चित्र चाललं, मग फोटो

सिनेमाचा जन्म कधीचा असं विचारलं की उत्तर तयार असतं: २८ डिसेंबर १८९५, पॅरिस, ल्युमिएर बंधू. आपण मुंबईकर त्याला आपली एक तारीख जोडतो. ७ जुलै १८९६, काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, तिकीट एक रुपया. आणि ॲनिमेशन? बहुतेकांच्या डोक्यात लगेच एक उंदीर येतो. म्हणजे आधी सिनेमा आला, चांगला हातीपायी धड झाला, आणि मग कधीतरी पोरांना रमवायला म्हणून त्याच्या पोटी कार्टून जन्मलं, अशी आपली वंशावळ.

मला ही वंशावळ उलटी लिहिलेली वाटते. २८ ऑक्टोबर १८९२ ला, म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या त्या गाजलेल्या खेळाच्या तीन वर्षं दोन महिने आधी, त्याच पॅरिसमध्ये, ग्रेवँ नावाच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात, लोकांनी पैसे मोजून, अंधारात बसून, पडद्यावर हलणारी माणसं पाहिली होती. ती माणसं रंगीत होती. त्यांना गोष्ट होती, पियानोची साथ होती, पाठीत काठी बसली की फटक्याचा आवाजही येत होता. आणि ती सगळी एका माणसानं हातानं रंगवलेली होती. एमील रेनो त्याचं नाव.

चित्र आधी चाललं, फोटो मागून आला. मग चित्र मागे का पडलं? याचं नेहमीचं उत्तर असं की फोटो खरा, चित्र खोटं, आणि लोकांना खरं हवं होतं. ते मला पटत नाही. पण त्याकडे जाण्याआधी आणखी साठ वर्षं मागे जायला हवं.

१८३२ च्या अखेरीस बेल्जियममधल्या जोझेफ प्लातो नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं (नाव ऐकून ग्रीसला जाऊ नका) पुठ्ठ्याची एक चकती केली. कडेनं समान अंतरावर फटी, आणि दर फटीगणिक एक चित्र, दर चित्रात नर्तकी किंचित वळलेली. चकती आरशासमोर धरायची, चित्रांची बाजू आरशाकडे, आणि मागून फटींतून आरशात बघत ती फिरवायची. नर्तकी गिरकी घेते. जवळपास त्याच वेळी व्हिएन्नात सायमन श्टाम्फर या प्राध्यापकानं, प्लातोची काही खबर नसताना, तीच गोष्ट केली. एकाच ऋतूत दोन शहरांत एकच खेळणं निघालं याचं मला फार नवल वाटत नाही. दोघांनीही मायकेल फॅरेडेचा फिरत्या दातेरी चाकांवरचा निबंध वाचलेला होता. धागा एकच, दोघांनी तो आपापल्या टोकानं ओढला.

मागच्या उन्हाळ्यात भाचा राहायला आला होता तेव्हा आम्ही तशी चकती केली. काळा कार्डशीट, मधोमध टाचणी, ती पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचलेली. बारा फटी, बारा बेडूक. बेडूक त्यानं काढले, त्यामुळे प्रत्येकाची जात वेगळी होती. आरशासमोर नेऊन त्यानं चकती फिरवली आणि फटींतून न बघता वरूनच बघितलं. "मावशी, हे बिघडलंय." खरंच, वरून नुसता हिरवट गाळ दिसत होता. डोळा फटीला लावला मात्र, आणि उडी दिसली. मग बराच वेळ न्हाणीघरात कुणाला जाता आलं नाही.

तो हिरवट गाळ महत्त्वाचा आहे. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी दृष्टिसातत्य पाठ केलेलं असतं: डोळ्यावर उमटलेली प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकते, तेवढ्यात पुढची येते, म्हणून हालचाल दिसते. परीक्षेत दोन गुण. आता जरा विचार करा. प्रतिमा नुसत्या टिकून एकीवर एक पडत राहिल्या तर काय दिसेल? गाळच दिसेल. बारा बेडकांची एक चटणी. भाच्याला दिसलं ते नेमकं दृष्टिसातत्य होतं! उडी दिसायला काहीतरी वेगळं लागतं. इथे एक बेडूक, तिथे दुसरा बेडूक, असे दोन सुटे, स्पष्ट ठसे मिळाले की मेंदू स्वतःच ठरवतो की हा तोच आहे आणि इथून तिथे गेला. १९१२ मध्ये जर्मनीत माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं हे प्रयोगांनी मांडलं. त्यालाही शंभर वर्षं उलटून गेली, तरी दृष्टिसातत्य काही पाठ सोडत नाही. चुकीचं उत्तर छोटं आणि सुबक असलं की ते असंच चिवट होतं.

फटीचं काम त्यामुळे चित्र दाखवण्याइतकंच ते लपवण्याचं. चित्र सरकत असतं तो काळ ती झाकून टाकते आणि आपल्याला फक्त एक निसटता, धारदार क्षण देते. पण याची किंमत असते. फट बारीक, म्हणून उजेड फार थोडा. शिवाय चकती एका वेळी एकानंच बघायची. १८३४ मध्ये विल्यम जॉर्ज हॉर्नर या इंग्रज गणितज्ञानं (बहुपदी सोडवायची हॉर्नरची रीत ज्याच्या नावावर आहे तोच) चकतीचं ढोलकं केलं. चित्रं आतल्या बाजूनं, फटी त्यांच्या मध्ये. आरसा गेला, चौघं गोल बसून बघू शकायला लागले. पुढे तीसेक वर्षांनी हे ढोलकं झोएट्रोप या नावानं अमेरिकेत खेळणं म्हणून धो धो विकलं गेलं, कागदी पट्ट्यांच्या जोड्यांसकट. १८६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका छापखानेवाल्यानं अंगठ्यानं फर्रकन उलटायच्या चित्रवहीचं पेटंट घेतलं. आमच्या वेळी वर्गातल्या मागच्या बाकांवर वह्यांच्या कोपऱ्यांत ही विद्या चालायची ती कुठल्याही पेटंटविना.

फोटो या गोष्टीत शिरतो तो १८७८ साली. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले, दोऱ्या ताणल्या, आणि दौडणाऱ्या घोडीचे बारा फोटो काढले. चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात की नाही या वादाचा निकाल लागला: सुटतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. हे फोटो लोकांना हलताना दाखवायला मायब्रिजनं १८७९ मध्ये प्रोजेक्टर केला, त्यात प्लातोच्या चकतीचंच तत्त्व आणि काचेची फिरती तबकडी. त्या तबकडीवर फोटो नव्हते, फोटोंवरून हातानं रंगवलेली चित्रं होती. तीही जशीच्या तशी नाहीत. यंत्र घोडा आडवा आवळून बारीक करायचं, म्हणून चित्रकारानं घोडा मुद्दाम लांबवून काढलेला, पडद्यावर तो बरोब्बर दिसावा म्हणून. शास्त्रीय सत्याचा एवढा गाजावाजा झालेला तो घोडा पडद्यावर पळाला तो कुंचल्याच्या जोरावर आणि थोडंसं खोटं बोलून.

आता रेनो. १८४४ चा जन्म, पॅरिसजवळच्या माँत्रयचा. वडील यंत्रांतले जाणकार, आई जलरंगात काम करणारी. दोघांचा वारसा त्याच्या हातात इतका समसमान उतरला की पुढचं आयुष्य त्या दोघांची वाटणी करण्यातच गेलं. तरुणपणी तो मुआन्यो नावाच्या एका पाद्र्याच्या हाताखाली होता. हा पाद्री मॅजिक लँटर्न (काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं पडद्यावर टाकणारं यंत्र) लावून लोकांना विज्ञान शिकवायचा. नंतर ल प्युई या गावी रेनो स्वतः तशी व्याख्यानं द्यायला लागला. १८७७ मध्ये त्यानं झोएट्रोपच्या फटींवर तोडगा काढला.

त्यानं फटी काढूनच टाकल्या. ढोलक्याच्या आतल्या बाजूला बारा चित्रांची पट्टी, आणि मधोमध बारा आरशांचा खांब. आरसे नेमके मधल्या आसापासून पट्टीपर्यंतच्या अर्ध्या अंतरावर. शाळेतला नियम आठवा: आरशातली प्रतिमा आरशामागे तेवढ्याच अंतरावर दिसते. म्हणजे प्रत्येक चित्राची प्रतिमा बरोबर आसावर पडते, आणि फिरत्या वस्तूत न हलणारी जागा एकच, आस. त्यामुळे ढोलकं फिरलं तरी प्रतिमा जागच्या जागी. एक आरसा नजरेसमोरून सरकता सरकता दुसऱ्याच्या हाती चित्र सोपवतो, मध्ये काळोख नाहीच. सगळा उजेड वापरला जातो, रंग लखलखीत दिसतात. प्रॅक्सिनोस्कोप हे नाव जिभेला जड आहे, पण एवढी साधी, सुंदर भूमिती खेळण्यात क्वचित सापडते. इंटरनेटवर त्याच्या मूळ पट्ट्या फिरताना बघायला मिळतात, जरूर बघा. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी आहे, साबणाचे फुगे आहेत.

पण बारा चित्रं म्हणजे एक फेरा. मुलगी उडी मारते, मारते, मारतच राहते. रेनोला गोष्ट सांगायची होती. गोष्टीला सुरुवात आणि शेवट लागतो, त्यासाठी पट्टी ढोलक्याबाहेर काढायला हवी. १ डिसेंबर १८८८ ला त्यानं 'थेआत्र ऑप्टिक'चं पेटंट घेतलं. लांबलचक पट्टी, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाणारी. जिलेटिनच्या चौकोनांवर रंगवलेली चित्रं, आणि दोन चित्रांच्या मध्ये एक भोक. ते भोक आरशांच्या चक्राच्या खुंट्यांत अडकतं, म्हणून चित्र आणि आरसा कधी चुकत नाहीत. पट्टीला भोकं पाडून चित्रं ओळीत ठेवायची ही युक्ती ल्युमिएर बंधूंच्या खेळाच्या सात वर्षं आधीची. मागचा देखावा, म्हणजे भिंत, झाड, चांदणं, वेगळ्या लँटर्ननं पडद्यावर टाकलेला, त्यामुळे पात्रं तेवढीच पुन्हा पुन्हा काढावी लागायची. अमेरिकेत १९१४ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रं काढून देखावा खाली ठेवायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि कार्टूनचा धंदा त्यावर उभा राहिला. कल्पना तीच, ग्रेवँमधल्या पहिल्या खेळानंतर बावीस वर्षांनी.

ग्रेवँमध्ये जे खेळ झाले त्यांतला 'पोव्र पिएरो', म्हणजे बिचारा पिएरो, ५०० चित्रांचा. पट्टी ३६ मीटर. खेळ चालायचा सुमारे पंधरा मिनिटं. आकडा पुन्हा वाचा. आजच्या सेकंदाला चोवीस चित्रांच्या हिशेबानं ५०० चित्रं एकवीस सेकंदांत संपतात. पंधरा मिनिटं आली कुठून? रेनोच्या हातातून. पडद्यामागे उभा राहून तो दोन्ही हातांनी रिळं फिरवायचा. पिएरो येतो, रेनो थांबतो. हशा आला की तोच प्रसंग मागे घेऊन पुन्हा. पिएरोचा प्रतिस्पर्धी आर्लेकँ खांबाआड दबा धरून बसलाय, त्याला हवा तेवढा वेळ बसवून ठेवायचं. रंगात आलेला कीर्तनकार आख्यान कुठे ताणायचं आणि कुठे आटपायचं हे समोरचे चेहरे बघून ठरवतो, तसं हे काम होतं. गॅस्टन पॉलँनं खास संगीत लिहिलेलं. फटक्याच्या जागी पट्टीवर धातूचा तुकडा लावलेला, तो विजेच्या मंडलाला टेकला की आवाज. म्हणजे आपण आज ज्याला ॲनिमेशन म्हणतो ते जन्मतः यांत्रिक नव्हतं. ते प्रयोग होतं, नाटकासारखं, रोज नव्यानं करावं लागणारं.

रोज, आणि दिवसातून अनेकदा. १९०० च्या मार्चपर्यंत बारा हजारांहून अधिक खेळ झाले, पाच लाखांवर लोकांनी ते पाहिले. हे आकडे बघितले की "लोकांना चित्र नको होतं" हे वाक्य कुणी कसं लिहू शकतं ते कळत नाही. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा सुरू झाल्यावरही रेनोचे खेळ चार वर्षं चालले.

तो हरला ते दुसऱ्याच ठिकाणी. पट्टी एकच होती. झिजली की दुरुस्त करायची त्यानंच, दुसरी हवी तर पाचशे चित्रं पुन्हा रंगवायची त्यानंच, आणि खेळ करायचा तोही त्यानंच. एका वेळी एका शहरातल्या एका खोलीत. ल्युमिएर बंधूंची फिल्म मात्र साडेसहा महिन्यांच्या आत मुंबईला पोहोचली, कारण फिल्मच्या प्रती निघत होत्या आणि ती चालवायला तयार केलेला कुणीही माणूस चालत होता. पॅरिसच्या पडद्यावरची आगगाडी आणि काळा घोड्याच्या पडद्यावरची आगगाडी एकच होती. पिएरोला ते शक्य नव्हतं. मला वाटतं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हलणाऱ्या चित्रांच्या जगात जो निकाल लागला तो खऱ्याच्या बाजूनं नव्हता, प्रतीच्या बाजूनं होता. हातानं केलेली वस्तू आणि प्रत काढता येणारी वस्तू यांत लोकांनी आवड बदलली नाही. व्यापारानं बदलली.

१८९६ मध्ये रेनोनं फोटो वापरूनही पाहिले. नटांचे फोटो घेतले, त्यांतले निवडक ठेवले, आणि मग राहवलं नाही म्हणून तेही हातानं रंगवले. पुढे हलाखी आली. शेवटी एकदा त्यानं आपलं यंत्र फोडलं आणि पट्ट्या सीन नदीत टाकल्या. १९१८ च्या जानेवारीत इव्री इथल्या रुग्णालयात तो गेला. थेआत्र ऑप्टिकच्या पट्ट्यांपैकी दोन तेवढ्या उरल्या आहेत: पिएरो, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या कपडे बदलायच्या खोलीभोवतीची एक गंमत.

रेनोचे खेळ सुरू झाले त्याच १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इकडे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' दाखवत होते. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मॅजिक लँटर्न, जोडीला निवेदन आणि संगीत. चित्रं भराभर बदलून हालचालीचा भास. पुढे त्यांचे मुलगे रामचंद्र आणि विनायक यांनी हे खेळ चालवले. हे कळलं की आपली छाती लगेच फुगते आणि "आपल्याकडे हे आधीच होतं" असं म्हणावंसं वाटतं. आवरावं. लँटर्न युरोपातून आलेला होता आणि खरोलिका म्हणजे थेआत्र ऑप्टिक नव्हे. मला साम्य दिसतं ते दुसरं. पॅरिस आणि कल्याण, दोन्हीकडे एक कुटुंब, एक रंगपेटी, दिवा आणि समोर बसलेली माणसं. आणि दोन्हीकडे धंद्याची मर्यादा एकच: खेळ करणारा जिथे, खेळ तिथे. काचांची पेटी सोबत वाहून न्यायची.

प्रतीच्या जगात चित्र परत आलं ते फिल्मवर बसूनच. १९०८ मध्ये एमील कोल या फ्रेंच व्यंगचित्रकारानं सातशेच्या आसपास रेखाटनं काढली, एकेकाचे फोटो घेतले, आणि खडूनं फळ्यावर काढल्यासारखी दिसावीत म्हणून निगेटिव्हच वापरली. फिल्म दोन मिनिटांची सुद्धा नाही. पिएरोच्या तुलनेत रंग नाहीत, देखावा नाही, साथ नाही. पण पेटीत घालून कुठेही पाठवता येत होती. ॲनिमेशनचा जन्म म्हणून कित्येक पुस्तकांत हीच तारीख दिलेली असते.

या नजरेनं बघितलं की धुंडिराज गोविंद फाळके वेगळे दिसायला लागतात. आपण त्यांना सिनेमाचे जनक म्हणतो आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून सुरुवात करतो. पण सिनेमात येण्याआधी ते काय करत होते? छपाई. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी कामं केली, मग स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. म्हणजे लक्ष्मी-सरस्वतीच्या एका तैलचित्राच्या हजारो प्रती निघून त्या घरोघरच्या भिंतींवर कशा पोहोचतात हे या माणसानं शाई लागलेल्या हातांनी पाहिलं होतं. रेनो हाताचा माणूस होता, फाळके प्रतीचे. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणि भोकं पाडायचं यंत्र घेऊन ते आले. त्या वेळी कच्च्या फिल्मला भोकं घरीच पाडावी लागत, अंधारात. सरस्वतीबाईंनी ते काम केलं. सिनेमाच्या इतिहासात या बाईंना आणखी थोडी जागा द्यायला हवी.

आणि या प्रतीच्या माणसानं भांडवल उभं करायला पहिल्यांदा काय चित्रित केलं? माणसं नाहीत, नाटक नाही. कुंडीतला वाटाण्याचा वेल. ठरावीक अंतरानं एकेक चित्र घेत गेले, आणि पडद्यावर अंकुर फुटून वेल सरसर वाढला. ते बघून कर्ज मिळालं. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. आगकाड्या मांडायच्या, एक चित्र, हात घालून जरा सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. प्लातोच्या नर्तकीचंच हे काम, चकतीऐवजी फिल्मवर, आणि नर्तकीऐवजी काडेपेटी.

ती फिल्म आज बघायला मिळत नाही. फाळक्यांच्या बऱ्याच फिल्म गेल्या तशी तीही गेली. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेटायची, सडायची, आणि चालेनाशी झाली की कित्येक ठिकाणी आतल्या चांदीसाठी वितळवलीही जायची. प्रती काढता येत होत्या, पण जपून ठेवायच्या कुणी? उलट ज्याची दुसरी प्रतच नव्हती तो पिएरो अजून आहे. फोनवर लावला तर चार-पाच मिनिटांत संपतो. मध्ये थांबवून, मागे नेऊन, पुन्हा सोडत बघा. तो तसाच बघायचा आहे.